पक्कं झालं का?

धोंडूबाई : बारीक जालीस म्हनते मी, आन तुझा बापूस म्हनतो विमानातून उतरला की मानूस तसाच दिसतो.

रुचिका : आत्या, मी काही बारीक नाही झाले. उलट दोन जीन्स घट्ट झाल्या म्हणून टाकून दिल्या.

धोंडूबाई : मंग गाल कुठं गेलं? कॅनडाला गेलीस तवा गाल होतं.

केसरीनाथ : ताई, पोर एवढा प्रवास करून आलीय, तिला जरा टेकू दे. बाय, एसी वाढवू का?

रुचिका : नको बाबा. मी काच थोडी खाली करते. जरा ऊन लागू दे अंगाला.

धोंडूबाई : मे महिन्याचं ऊन मागते ही! आमी इथं सावली शोधतो.

रुचिका : मी निघाले ना आत्या, तेव्हा खोलीच्या दारात अजून बर्फ होता. काळा पडलेला, धूळ बसलेला. पण होता. चार वर्षांनी असा घाम येतोय मला. येऊ दे.

केसरीनाथ : चार वर्षं. भावाची, कुणालची हळद नसती तर तू या वर्षी पण आली नसतीस.

रुचिका : आले असते. कागदांचं काहीतरी ठरलं की येणारच होते.

केसरीनाथ : ते आता ठरेल. म्हणून तर मी स्वतः गाडी घेऊन आलो. कुणाल म्हणत होता, ड्रायव्हर पाठवा, घरी मांडवाचं काम पडलंय. मी म्हटलं, मांडव तुझी आई बघेल. मला पोरीशी बोलायचंय, घरी पोचायच्या आधी.

रुचिका : काय झालं? आईची तब्येत बरी आहे ना?

धोंडूबाई : तुझी आयस बरी हाय. सकालपासून सगल्यांना ओरडते, म्हंजे बरीच हाय.

केसरीनाथ : घाबरू नको. चांगली बातमी हाय. घरी धनेश येऊन बसलाय.

रुचिका : कोण धनेश?

केसरीनाथ : आपल्या होणाऱ्या सुनेचा मामेभाऊ. कल्याण नाक्याला ऑफिस हाय त्याचं, पोरांना परदेशी पाठवतो. तुझं सगळं सांगितलं मी त्याला. टोरोंटोच्या बाजूला त्याच्या ओळखीच्या माणसाचं दुकान हाय. तो मालक सरकारला लिहून देणार, आम्हाला सुपरवायझर पाहिजे, तिथल्या कोणाला जमत न्हाय, हीच पोरगी पाहिजे. झालं. वर्षभरात तुझं तिथं राहायचं पक्कं.

रुचिका : आणि मी त्या दुकानात काय काम करायचं?

केसरीनाथ : काम कुठं? कागदावर. आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचं.

रुचिका : बाबा...

केसरीनाथ : पैशाचं तू बोलू नको. ते माझं मी बघतो.

रुचिका : मी पैशाचं बोलतच नाहीये.

धोंडूबाई : मंग तोंड का उतरलं तुझं?

रुचिका : आत्या, थांब जरा. बाबा, तुम्ही त्याला हो म्हणालात?

केसरीनाथ : शब्द दिलाय. आज सह्या करायच्यात. उद्या हळदीला कुठं वेळ मिळणार, आणि लग्न झालं की तू चाललीस. घ्या, खारेगावलाच गाड्या थांबल्या. आता मानकोलीपर्यंत असंच.

धोंडूबाई : थांबू देत. मना एक सांग पोरी. हा रोज घरान पक्कं पक्कं करतो. तू तिथं शिकलीस, कामाला लागलीस, भारा भरतेस, टॅक्स भरतेस. मंग कच्चं काय राहिलं?

रुचिका : भाडं भरलं म्हणून घर आपलं होतं का आत्या? तसंच आहे ते. सरकार मुदत देतं, एवढ्या तारखेपर्यंत राहा, काम करा. माझी मुदत दिवाळीपर्यंत आहे. त्याच्या आत एखाद्या कंपनीने माझ्यासाठी अर्ज केला आणि सरकारला पटलं, तर राहायचं. नाही पटलं तर बॅग भरायची.

धोंडूबाई : म्हंजे आपल्या चालीतल्या रामूसारखं.

केसरीनाथ : ताई, काय पण काय बोलतेस! रामू लूमवर काम करतो.

धोंडूबाई : मंग? तो गोरखपूरवरनं इथं आला, ही इथनं तिथं गेली. आपन त्याला दर वर्साला आधार कार्ड मागतो, पोलिसान नोंद करतो, खोली कवा खाली करशील इचारतो. तसं हिला तिथं इचारत असतील.

रुचिका : बरोबर बोललीस. तिथे मीच रामू आहे.

केसरीनाथ : तू न्हाय रामू. तुझ्या बापाचे दापोड्याला गाळे हायत. ट्रान्सपोर्टवाले येऊन नमस्कार करतात मला.

रुचिका : तिथे ते कोणाला माहीत आहे बाबा? तिथे माझं आडनाव पण कोणाला धड घेता येत नाही. आणि खरं सांगू? मला बरं वाटतं त्याचं. गावात, अंजूरला मी केसरीनाथची मुलगी. तिथे मी जे काम करते तेवढीच मी.

केसरीनाथ : हे बोलायला ठीक हाय. गेल्या वर्षी नोकरी गेली तेव्हा कुठं होतं हे सगळं? मी फोनवर हॅलो हॅलो करतोय आणि तुझा नुसता श्वास ऐकू येतोय. तुझी आई समोर उभी. ती विचारते, काय म्हणते? मी काय सांगू? सांगितलं, रेंज न्हाय.

रुचिका : तेव्हा खरंच काही सुचत नव्हतं. सकाळी मीटिंग आहे म्हणून बोलावलं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुसऱ्या गोदामाकडे गेलं होतं, त्यामुळे आमचा अख्खा विभागच बंद. त्याच खोलीत गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि दारापर्यंत सोडायला माणूस दिला. माझा डबा आत फ्रिजमध्ये होता. तो आणायला पण परत सोडलं नाही.

धोंडूबाई : डबा न्हाय दिला?

रुचिका : नाही ना. भेंडीची भाजी होती.

धोंडूबाई : मेले कुठले! कामावरनं काढता तर काढा, मानसाचं जेवान कशाला ठेवून घेता?

रुचिका : मी पण नेमकी त्याच्यासाठीच रडले आत्या. बस स्टॉपवर बसून. नोकरीसाठी नाही, भेंडीसाठी.

केसरीनाथ : आणि मग पावाच्या कारखान्यात गेलीस. हे मला तू न्हाय सांगितलं, कुणालने सांगितलं. एमबीए करायला पाठवलेली पोर पाव भाजते.

रुचिका : एमबीए नाही बाबा, सप्लाय चेन. आणि पाव मी भाजत नव्हते, ट्रेमध्ये भरत होते. त्यात काय वाईट? हाताला काम होतं, खोलीचं भाडं सुटत होतं. उरलेला दिवस अर्ज करत बसायचे.

केसरीनाथ : वाईट काय न्हाय. पण मी रात्री आडवा पडलो की मला तेच दिसायचं. इथं महिन्याच्या महिन्याला भाडं येतंय, कुणाल मोबाईल घेऊन झोपाळ्यावर बसलाय, आणि माझी पोर तिकडं पहाटे उठून पाव भरतेय. तेव्हाच ठरवलं, काय लागेल ते लागू दे, हिचं पक्कं करून द्यायचं.

रुचिका : तुमचं मन कळतं मला. पण बाबा, त्या खोलीत माझ्यासोबत हरलीन राहायची. लुधियानाची. तिला असाच कागद मिळाला होता. तिच्या काकांनी करून दिला, फुलांच्या दुकानाचा. पहिले दोन महिने खूश होती. मग मालकाने सुरू केलं. पगार खात्यात टाकायचा आणि शुक्रवारी अर्धा रोख परत मागायचा. ताप असला तरी सुट्टी नाही. काही बोलली की एकच धमकी, कागद मागे घेतो, मग जा घरी.

धोंडूबाई : मंग सोडायचं काम.

रुचिका : सोडता येत नाही ना आत्या. कागद त्या दुकानाचा. दुकान सोडलं की राहायची परवानगी गेली. किती हसायची ती. आम्ही शेजाऱ्यांची बोलणी खायचो तिच्या हसण्यामुळे. शेवटी शेवटी घरात आहे की नाही ते पण कळायचं नाही.

केसरीनाथ : धनेशचा माणूस तसा न्हाय.

रुचिका : हरलीनच्या काकांनी पण तिला हेच सांगितलं होतं.

केसरीनाथ : मग मी काय करायचं? हात जोडून दिवाळीची वाट बघायची? मी गावात सांगून बसलोय, रुचिकाचं पक्कं झालं म्हणून. भावकीत सांगितलं, मुलीकडच्यांना सांगितलं. उद्या मांडवात एकेक जण येऊन तुला विचारणार. काय सांगशील?

रुचिका : झालं नाही म्हणून सांगेन.

केसरीनाथ : आणि मी खोटा पडीन.

धोंडूबाई : इचारल्याबिगर सांगितलंस कशाला मंग?

केसरीनाथ : ताई, तू मध्ये पडू नको. माणूस आपल्या पोरीचं चांगलंच सांगणार ना.

रुचिका : मग चांगलं आहे तेच सांगा की. तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, मी आता नक्की काय काम करते?

केसरीनाथ : गोदामात हायस. विनिपेग का काय, त्याच्या पण वर. थंडीत. फोन करतो तेव्हा तू कामावर असतेस न्हाय तर झोपलेली. काय विचारणार?

रुचिका : आता विचारा. गाड्या काही हलत नाहीयेत.

केसरीनाथ : बरं. काय काम करतेस?

रुचिका : आमचा डेपो आहे ना, त्याच्या पुढे रस्ताच नाही.

केसरीनाथ : रस्ता न्हाय? मग माल कसा जातो?

रुचिका : पुढे तिथल्या मूळ लोकांची गावं आहेत, जंगलात, तळ्यांच्या काठाला. उन्हाळ्यात छोट्या विमानाने जातं सामान, पण थोडं आणि महाग. थंडीत तळी गोठली की बर्फावरून रस्ता आखतात. तेवढ्या काही आठवड्यांत वर्षभराचं सगळं सामान पोचवायचं. पीठ, डिझेल, दूध पावडर, औषधं, घरं बांधायचं लाकूड.

धोंडूबाई : बर्फावरनं चालत नेतात?

रुचिका : नाही गं. ट्रक जातात. हा बघ, हा पुढचा कंटेनर आहे ना, एवढे.

केसरीनाथ : तळ्यावरून? एवढा कंटेनर?

रुचिका : हळूहळू जातात. भराभर नेला तर खालचं पाणी उसळतं आणि पुढचा बर्फ फुटतो. बर्फाची जाडी मोजणारी माणसं असतात. ती रोज कळवतात, आज एवढंच वजन चालेल. मग कुठल्या गाडीत काय भरायचं, किती भरायचं, आधी कुठली सोडायची, ते मी ठरवते.

केसरीनाथ : तू ठरवतेस.

रुचिका : हो.

केसरीनाथ : ड्रायव्हर ऐकतात?

रुचिका : आधी नव्हते ऐकत. एक जण मला 'गुड मॉर्निंग' पण म्हणायचा नाही. मग एकदा मी त्याच्या गाडीतून चार पॅलेट माल उतरवून घेतला. तो चिडला, म्हणाला, एवढ्याने काय होतं? मी म्हटलं, आमच्याकडे ओव्हरलोड केला तर आरटीओ पकडतो. तुमच्याकडे तळं पकडतं. तेव्हापासून बोलायला लागला.

धोंडूबाई : हसतोस काय केसरी? पोर मरनाच्या दारान काम करते.

केसरीनाथ : आरटीओवर हसलो गं. आणि बाय, खरंच कोण बुडलं-बिडलं न्हाय ना?

रुचिका : आमची एकही गाडी नाही. पण या वर्षी वेगळंच झालं. फेब्रुवारी संपायच्या आतच हवा तापली. दिवसा छपरावरून पाणी गळायला लागलं. बर्फवाल्यांनी कळवलं, रविवारी रस्ता बंद. दर वर्षी त्याच्या पुढे निदान दोन आठवडे मिळतात. आणि आमच्या यार्डात गाड्या भरून उभ्या होत्या. कशाने माहितेय? सोफे, टीव्हीची टेबलं, थंड पेयांचे खोके. त्या कंपन्यांचं आधी ठरलेलं, म्हणून त्यांचा माल आधी भरला होता. पीठ आणि दूध पावडर आत शेडमध्ये.

केसरीनाथ : मग साहेबाला विचारायचं.

रुचिका : साहेब म्हणजे मार्गारेट. साठीची बाई आहे. ती पुढच्या एका गावात गेली होती आणि वादळात तिथेच अडकली. फोन लागत नव्हता. उलट बाकीच्या गावांतून मला फोन येत होते. एका दुकानवालीचा फोन आला. म्हणाली, माझ्या फळीवर लहान मुलांच्या दुधाचे इतकेच डबे आहेत, मला एवढंच सांग, येणार की नाही. नाही येणार तर मी आत्तापासून वाटून देते.

धोंडूबाई : आगं बाय.

रुचिका : तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता बाबा. आठवतं? विचारलं होतं, दापोड्याला पाणी भरलं तेव्हा गाळ्यातलं आधी काय काढलं होतं?

केसरीनाथ : तो फोन? मला वाटलं पोरीला घरची आठवण येतेय, म्हणून जुनं काढून बसलीय.

रुचिका : आठवण येत होतीच. पण उत्तर पण पाहिजे होतं.

धोंडूबाई : काय सांगितलंस तू हिला?

केसरीनाथ : जे झालं ते. खाडीचं पाणी चढत होतं. भाडेकरू ओरडतोय, आधी टीव्हीचे बॉक्स वर घ्या, लाखाचा माल हाय. आणि मागच्या चाळीतल्या बायका तांदळाच्या गोण्या घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या. मी म्हटलं, टीव्ही राहू दे, आधी त्यांचं रेशन माळ्यावर टाका. पुढच्या महिन्याला त्याने गाळा सोडला.

रुचिका : आणि मग तुम्ही काय म्हणालात?

केसरीनाथ : काय म्हणालो?

रुचिका : म्हणालात, सोडला तर सोडला, दुसरा येईल. पण त्या बायकांसमोरून मला रोज जायचं असतं.

केसरीनाथ : असं म्हणालो होतो मी?

रुचिका : हो. मग मी फोन ठेवला आणि सगळ्या गाड्या रिकाम्या करायला सांगितल्या.

केसरीनाथ : भरलेल्या गाड्या? कोणाला न विचारता?

रुचिका : विचारायला कोण होतं? तो 'गुड मॉर्निंग' न म्हणणारा पुढे आला. म्हणाला, कोणाच्या सहीने उतरवू? मी म्हटलं, माझ्या. सही केली. मनात हेच, की मी इथे सगळ्यात नवीन. दिवाळीपर्यंतची परवानगी खिशात. मार्गारेटने परत येऊन काढून टाकलं, तर दुसरी नोकरी कोण देणार? पावाच्या कारखान्यातल्या कामावर तिथे कोणी पक्कं करत नाही.

धोंडूबाई : तरी केलंस.

रुचिका : केलं. तीन दिवस यार्डातच होते सगळे. ऑफिसमधल्या बायका येऊन गोण्या ओढत होत्या. मी पण. शेवटची गाडी रविवारी दुपारी परत आली. संध्याकाळी रस्त्यावर फळ्या लावून टाकल्या. बंद.

केसरीनाथ : आणि दूध?

रुचिका : पोचलं. सगळीकडे. दुकानवालीने फोन केला, 'मिळालं' एवढंच म्हणाली. आणि ड्रायव्हरच्या हाती मासे पाठवले माझ्यासाठी. धुरावर सुकवलेले.

धोंडूबाई : सुकी मच्छी?

रुचिका : हो. मी कांदा घालून केली. मसाला आपलाच होता, आईने पाठवलेला.

धोंडूबाई : मंग मानसं आपल्यासारखीच हायत म्हना की. मना वाटलं तिथं सगले पावच खातात.

केसरीनाथ : ती मार्गारेट काय बोलली ते सांग.

रुचिका : सोमवारी छोट्या विमानाने आली. यार्डात सोफे ठेवले होते उतरवून. जागाच नव्हती कुठे. बर्फात रांगेने सोफे, प्लास्टिक गुंडाळलेले. ती गेटमधून आत आली, नुसती बघत उभी राहिली. मला वाटलं, संपलं. मग ती जाऊन एका सोफ्यावर बसली. मला म्हणाली, इकडे ये, बस. मी बसले. म्हणाली, कोल्ड्रिंकवाले आता माझं डोकं खाणार. मी म्हटलं, सॉरी. तर म्हणाली, खाऊ देत. उठताना विचारलं, तुला इथे ठेवून घ्यायचं तर मला कुठे कुठे सही करावी लागेल?

केसरीनाथ : असं म्हणाली? स्वतः?

रुचिका : स्वतः. मी मागितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी अर्ज केला तिने. त्या प्रांताच्या सरकारला कळवलंय की ही बाई आम्हाला पाहिजे.

धोंडूबाई : मंग जालं की पक्कं!

रुचिका : नाही आत्या. उत्तर अजून आलेलं नाही. यंदा माणसं कमी घेणार आहेत. येईल, नाही तर नाही येणार. मला खरंच माहीत नाही. रोज सकाळी उठले की आधी फोन बघते. आज विमानातून उतरल्या उतरल्या तेच बघितलं. पण बाबा, हा अर्ज मी केलेल्या कामावर आहे. त्यात एक अक्षर खोटं नाही. त्याच्या शेजारी मी धनेशचं दुकान नेऊन ठेवू? न केलेल्या कामावर सही करू? पकडले गेले तर पाच वर्षं दार बंद, ते वेगळंच. पण नाही पकडले गेले तरी मार्गारेटच्या शेजारी त्या सोफ्यावर परत कशी बसू?

धोंडूबाई : केसरी.

रुचिका : बाबा?

धोंडूबाई : केसरी, पुढं बघ. मागचे हॉर्न मारून मेले. रस्ता कवाचा मोकला जालाय.

केसरीनाथ : हां... घेतो, घेतो.

रुचिका : रागावलात का?

केसरीनाथ : कोणावर रागावू? तुझ्या आजोबांवर? त्यांची खाडीकडची जमीन भाताची. उधाणाचं पाणी बांध फोडायला यायचं तेव्हा सगळ्या गावाने आपापलं सोडून आधी बांध धरायचा. त्यात त्यांचं स्वतःचं किती गेलं. आम्ही लहान, आम्हाला वाटायचं म्हातारा येडा हाय. बर्फात सोफे! काढले बाहेर, ठेवले रांगेने... बाय, फोटो हाय का?

रुचिका : आहे. घरी गेल्यावर दाखवते.

केसरीनाथ : आता दाखव. न्हाय, आता गाडी चालवतोय. ताईला दाखव.

धोंडूबाई : दे इकडं. अय्या. ह्ये तर आपल्या मांडवासारखंच दिसतंय, पावन्यांची बसायची जागा. आन ही टोपीवाली कोन?

रुचिका : मीच ती.

धोंडूबाई : गाल तर हायत की इथं!

केसरीनाथ : थांबा, फोन वाजतोय. धनेशच हाय. हॅलो. हां धनेश, मानकोली आली. आली, बरोबर हाय. ऐक, ते कागदाचं राहू दे. न्हाय, पैशाचा विषय न्हाय. न्हाय रे, दुसरा कोण एजंट न्हाय. पोरगी न्हाय म्हणते. आणि आता मी पण न्हाय म्हणतो. शब्द दिला होता, माहीत हाय मला. शब्द माझा होता, पण सही तिची लागणार होती ना? ती देत न्हाय. राग धरू नको. घरी बसलाच हायस तर जेवल्याशिवाय जायचं न्हाय. चल.

धोंडूबाई : नवे सोयरे हायत. रुसतील.

केसरीनाथ : रुसू देत. आपल्यात लग्न कोण रुसल्याशिवाय झालंय कवा? तुझ्या लग्नात तर नवराच रुसला होता, मोटारसायकलसाठी.

धोंडूबाई : आन दिली न्हाय तरी आला घोड्यावर बसून.

रुचिका : बाबा, एक विचारू? दिवाळीला नाहीच झालं, मी परत आले, तर?

केसरीनाथ : तर आज आलो तसा न्यायला येईन. याच गाडीने. आणि आल्यावर काय करायचं ते तू ठरव, मी न्हाय विचारणार. पण तोवर तिथं हायस तर नीट राहा. खा-पी. आणि फोन केला की खरं बोलायचं. रेंज न्हाय म्हणून मी तुझ्या आईला किती वेळा सांगू?

रुचिका : बरं.

केसरीनाथ : आणि त्या बाईला आपल्याकडून काहीतरी द्यायचं. मार्गारेटला. साडी चालेल?

रुचिका : उणे तीसमध्ये साडी?

धोंडूबाई : गोधडी दे. मी शिवलेली हाय, नवी.

रुचिका : गोधडी चालेल आत्या. खूप चालेल.

केसरीनाथ : दापोडा गेलं. आता पाच मिनिटं. तो बघ, नाक्यावर चांगदेव बसलाय. दिवसभर तिथंच असतो, आली-गेली सगळी माणसं मोजतो. हात करतोय. थांबतो जरा.

(गाडीची काच खाली करून) काय चांगदेव! हां, तीच, रुचिका. आत्ता आणली. काय म्हणतोस? न्हाय रे, पक्कं न्हाय झालं अजून. दिवाळीपर्यंत हाय, पुढचं सरकारच्या हातात. न्हाय न्हाय, मी बोललो होतो, पण न्हाय झालं. कामाला हाय ती तिथं, गोठलेल्या तळ्यावरून गाड्या पाठवते. तळ्यावरून, हां, बरोबर ऐकलंस. मोठं काम करते. ये उद्या हळदीला, तीच सांगेल. चल.

धोंडूबाई : येड्या, चांगदेवाला सांगितलंस? आता संध्याकालपर्यंत सगल्या गावाला कललं.

केसरीनाथ : म्हणून तर त्याला सांगितलं.